पेल्याच्या तळाचा गाळ : मुंबई सरकारच्या रासायनिक विश्लेषकांच्या मागावर

(पाथर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ठरला तेव्हा आम्हाला विचारलं गेलं, की ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातला न्यायवैद्यक शास्त्रज्ञ’ हा विषय पाथर्डीत कोण ऐकणार? आम्ही म्हटलं, पाथर्डीतच ऐकणार. तुमच्यापैकी कित्येकांच्या तोंडात त्या माणसाचं हुद्द्याचं नाव आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. गावात कुणी ‘औषध’ प्यायलं, संशयास्पद मरण आलं, की पोलीस पाटलापासून पेपरवाल्यापर्यंत सगळे एक वाक्य बोलतात : ‘व्हिसेरा राखून ठेवलाय, सी.ए. रिपोर्ट यायचाय.’ हे सी.ए. म्हणजे आयकर भरून देणारे सी.ए. नव्हेत. ते ‘केमिकल अ‍ॅनालायझर’. म्हणजे रासायनिक विश्लेषक. आज ती प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे, तिच्या शाखा राज्यभर आहेत, तिचं अधिकृत नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असं भारदस्त आहे. पण पोलीस ठाण्याच्या बोलीत अजून ‘सी.ए.’च. हा हुद्दा एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याचा आहे. कंपनी सरकार गेलं, राणीचं सरकार गेलं, इलाखा गेला, आणि ही दोन अक्षरं पाथर्डीच्या ठाण्यात राहिली.

तर हा पहिला सी.ए. कोण, त्याच्या मागून आलेले कोण, ते दिवसभर काय करत, आणि त्यांच्या एका कागदावर माणसाचं काय काय ठरत असे, याच्या मागावर आम्ही बराच काळ आहोत.

पहिलं नाव डॉ. हर्बर्ट गिरॉड. १८१७ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या फॅवरशॅम गावी जन्म, एडिंबरोला वैद्यकीचं शिक्षण, मग कंपनीची नोकरी. १८४५ साली मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून रुग्णालय उभं राहिलं, ते आपलं जे. जे. गिरॉड तिथं रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवत. भाऊ दाजी लाड या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले, १८५१ सालचे. गिरॉड पुढं कॉलेजचे प्राचार्यही झाले. आणि त्यांच्याकडे आणखी एक काम आलं : इलाख्यात कुठंही विषप्रयोगाचा संशय आला, की बाटली त्यांच्याकडे. रसायनही जाणणारा आणि झाडपालाही जाणणारा माणूस, म्हणून काम त्यांच्या वाट्याला गेलं असणार. ही जोडी महत्त्वाची, का ते पुढं सांगतो.

गिरॉडांची पाटी पुढं डॉ. आयसिडोर बर्नाडॉट लायन यांच्याकडे आली. तेही ग्रँट मेडिकलमध्येच प्राध्यापक, रसायनशास्त्र आणि न्यायवैद्यकाचे. त्यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस भारतासाठी न्यायवैद्यकाचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक काढलं. ‘भारतासाठी’ हा शब्द नुसता शोभेचा नव्हता. आज आपल्याकडचे वकील कोर्टात ‘मोदी’ उघडतात, म्हणजे डॉ. जयसिंग मोदींचं १९२० साली आलेलं पुस्तक. मोदींच्या आधी वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ‘लायन’ असे, आणि नंतरही बरीच वर्षं होता. त्या पुस्तकाची नवी आवृत्ती १९०४ साली कुणी काढली माहीत आहे? एल. ए. वॅडेल यांनी. तिबेटच्या बौद्ध धर्मावर पुस्तक लिहिणारे आणि १९०३-०४च्या ल्हासा मोहिमेत गेलेले तेच वॅडेल. एकाच माणसाच्या टेबलावर लामांच्या पोथ्या आणि सोमलाच्या नळ्या! व्हिक्टोरियन माणसांचं हे असं असे.

आता अशा माणसाचं चरित्र शोधायचं कसं? सुरुवात सोपी आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टरांची एक भलीमोठी हजेरी डी. जी. क्रॉफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं १९३० साली छापली. इलाख्यांप्रमाणे नावं, जन्म, पदव्या, बढत्या, लढाया, निवृत्ती, मृत्यू. एका माणसाला तीन-चार ओळी. त्या वाचल्या की वाटतं, झालं काम. पण त्या ओळींत माणूस नसतो हो. नोकरी असते. मग आम्ही मुंबईला काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुराभिलेखागारात जाऊन बसलो. तिथल्या दप्तरांत न्यायखात्याच्या फायली आहेत. तिथं हा माणूस भेटतो, पण तिसऱ्याच्या गोष्टीत. कुणाच्या तरी मरणाच्या शेवटी त्याची सही असते.

याच ठिकाणी आमचा विचार बदलला. आम्ही निघालो होतो साहेबाचं चरित्र लिहायला. पण न्यायवैद्यक शास्त्रज्ञाचं आयुष्य त्याच्या जन्ममृत्यूच्या तारखांत सापडत नाही, ते त्याच्या बाटल्यांत सापडतं. कुणाची बाटली, कुठून आली, आत काय निघालं, आणि त्यावर त्याला कुणी प्रश्न विचारला का. हा शेवटचा मुद्दा धरून ठेवा.

एक प्रकरण असं आहे, जिथं मुंबईच्या विश्लेषकाला खरोखर प्रश्न विचारले गेले. तेही इंग्लंडहून आलेल्या नामांकित बॅरिस्टरकडून. ते बडोद्याचं प्रकरण. जरा सविस्तर सांगतो.

१८७४ साल. बडोद्याच्या गादीवर मल्हारराव गायकवाड. गायकवाड म्हणजे मराठी घराणं, दरबार मराठी, कारभारी मराठी, त्यामुळं पुण्या-मुंबईच्या मराठी पत्रांनी हे प्रकरण घरचं असल्यासारखं लावून धरलं. इंग्रजांचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मल्हाररावांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी भरपूर होत्या आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही होत्या, ते झाकायचं कारण नाही. त्याच वर्षी कारभार सुधारायला म्हणून दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण झाले होते.

९ नोव्हेंबर १८७४. सकाळी कर्नल फेअर फिरून आले. त्यांच्या टेबलावर रोज पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला असे. त्यांनी दोन-तीन घोट घेतले. चव बिघडलेली लागली. उरलेलं सरबत त्यांनी व्हरांड्याबाहेर फेकून दिलं आणि पेला खाली ठेवताना पाहिलं, तर तळाशी गाळ. त्यांनी रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावलं.

इथं थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल, कारण फेअर वाचले ते त्या रसायनामुळं. पांढरा सोमल थंड पाण्यात फार कमी विरघळतो. पूड टाकली तर वर तरंगते नाहीतर खाली बसते. पेला ढवळला नसेल, तर वरच्या घोटांत विष थोडं आणि तळाच्या गाळात जास्त. माणूस वरचे दोन घोट घेऊन थांबला, तो जगला. आणि पुरावा तळाशी शाबूत राहिला. सगळं सरबत गटागटा प्यायला असता, तर माणूसही गेला असता आणि गाळही.

सीवर्ड यांनी हाताशी होतं त्या सामानावर काम केलं. गाळातला थोडा भाग कोळशाच्या भुकटीबरोबर काचेच्या नळीत तापवला. सोमल असेल तर कोळसा त्यातला प्राणवायू ओढून घेतो, धातुरूप आर्सेनिकची वाफ होते आणि नळीच्या थंड भागावर तिचं चकचकीत कडं धरतं. जुनी, साधी परीक्षा. दिवा, नळी, कोळसा. उरलेला गाळ त्यांनी मुंबईला पाठवला. तिथं त्या वेळी प्रभारी रासायनिक विश्लेषक होते डॉ. वेलिंग्टन ग्रे.

ग्रे यांनी कळवलं : गाळात पांढरा सोमल आहे, आणि त्याबरोबर बारीक कुटलेली गारगोटीच्या जातीची पूड आहे, सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेसारखी किंवा क्वार्ट्झसारखी दिसते.

या वाक्याची ठेवण बघा. सोमल ‘आहे’. पूड काचेसारखी ‘दिसते’. एकाच कागदावर दोन वेगळ्या वजनाचे शब्द. सोमलाची परीक्षा रसायनानं झाली, तिथं माणूस ठाम. पुडीचं मत डोळ्यानं दिलं, तिथं माणूस हात राखून. आम्हाला वेलिंग्टन ग्रे नावाच्या माणसाची पहिली ओळख झाली ती इथं. कुठं जन्मला यापेक्षा हे जास्त कळलं, की ‘आहे’ आणि ‘दिसते’ यांतला फरक त्याला ठाऊक होता.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. इकडं कर्नल फेअर यांना एका खबऱ्याकडून गुप्त बातमी मिळाली, की पेल्यात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं असं तिहेरी विष होतं. कर्नलसाहेबांना स्वतःलाही तोंडाला तांब्यासारखी चव आल्याचं वाटलं होतं. आता आपल्याकडे हिरकणी खाऊन जीव दिल्याच्या गोष्टी आजीच्या तोंडून सगळ्यांनी ऐकल्यात. हिरा चाटला की माणूस मेला! रसायनाच्या दृष्टीनं हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. विष म्हणून त्यात काही नाही. पण राजवाड्यातलं कारस्थान म्हटल्यावर हिरा हवाच. गरिबाला सोमल पुरतो, राजाच्या विषाला हिरा लागतो, अशी सगळ्यांची समजूत, इंग्रजांचीसुद्धा. ती बातमी आल्यानंतर पेल्यातली ती ‘काचेसारखी’ पूड हिऱ्याची का, हा प्रश्न पुढं आला, आणि खटल्यात तो दोन्ही डॉक्टरांच्या साक्षीत घोळला गेला. तांबं मात्र ग्रे यांच्या यादीत नव्हतं.

म्हणजे बघा : आधी बाटली आणि मग मत, हा क्रम बरोबर. पण आधी खबर, मग बाटलीकडे पुन्हा पाहणं, हा क्रम आला की शास्त्रज्ञ कितीही प्रामाणिक असो, त्याच्या डोळ्यांवर त्या खबरीची सावली पडते. आजही प्रयोगशाळेत नमुना पाठवताना सोबत गुन्ह्याची हकिकत लिहून द्यावी लागते. ती न देऊन चालत नाही, कारण विषं हजार. कोणतं शोधायचं हे कळायला हकिकत हवी. आणि दिली की सावली आलीच. याला सोपा इलाज नाही.

पोलीस तपास मुंबईचे कमिशनर फ्रँक सूटर यांच्या देखरेखीखाली झाला. रेसिडेन्सीचे नोकर रावजी हवालदार आणि नरसू जमादार कबुलीवर आले. महाराजांकडून पुड्या मिळाल्या, असं ते म्हणाले. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. सोमल आणि हिरे कसे मागवले ते त्यांनी सांगितलं. रावजीच्या पट्ट्यात एक पुडी सापडली, तिच्यात सोमल निघाला. हिरे पुरवल्याचं ज्याच्या नावावर होतं तो सराफ हेमचंद फत्तेचंद मात्र कोर्टात उलटला, पोलिसांनी जबरदस्ती केली म्हणाला.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना कैद झाली आणि फेब्रुवारीत बडोद्यालाच चौकशी आयोग बसला. सहा जण. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, त्यांच्याबरोबर सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल. हिंदी बाजूला ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज सवाई रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले. टिचबोर्न खटल्यामुळं त्यांचं नाव इंग्लंडात घरोघरी होतं. त्यांची फी दहा हजार पौंड, अशी तेव्हा चर्चा होती. राजाला परवडलं. बोलावला.

बॅलंटाइननं रसायनशास्त्राशी भांडण केलं नाही, हे त्याचं शहाणपण. पेल्यात सोमल होता, बरं. पण पेल्यात कुणी टाकला? पट्ट्यात सोमल निघाला, बरं. पण पुडी पट्ट्यात कुणी ठेवली, आणि ती इतके दिवस कुणाला कशी दिसली नाही, आणि शेवटी नेमकी पोलिसांच्याच हाताला कशी लागली? ज्या नोकरांनी विष घातल्याचं स्वतः कबूल केलं, ते मोकळे राहायच्या आशेवर बोलत नाहीत कशावरून? विश्लेषकाचा कागद एवढंच सांगतो, की या बाटलीत हे आहे. बाटलीच्या अलीकडचं आणि पलीकडचं काहीही तो सांगत नाही. हे त्यानं इतकं ठासून मांडलं, की आयोग सरळ दुभंगला. तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरलं. शिंदे, जयपूर आणि दिनकरराव या तिघांनी आरोप सिद्ध झाला नाही असं लिहिलं.

तीन विरुद्ध तीन. मग सरकारनं काय केलं? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण विषाच्या आरोपावरून नव्हे. गैरकारभाराच्या कारणावरून! म्हणजे सोमल, हिरा, ग्रे, सीवर्ड सगळे बाजूला. ज्यासाठी एवढा देखावा केला त्याचा निकालात उपयोगच नाही. महाराजांना मद्रासला नेऊन ठेवलं, तिथंच १८८२ साली ते वारले. आणि त्याच १८७५च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकऱ्याचा गोपाळ नावाचा मुलगा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. ते सयाजीराव महाराज. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

बॅलंटाइननं नंतर आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, १८८२ साली आलं, त्यात बडोद्यावर लिहिलंय. वकील आठवणी लिहितात. ग्रे आम्हाला भेटतो तो साक्षीच्या छापील पानांत, प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर. चरित्रकाराला यापेक्षा चांगलं साधन मिळणं कठीण. माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा सावरून लिहितो. समोर बॅलंटाइन उभा असताना तेवढं सावरता येत नाही.

आता इंग्लंडात काय चाललं होतं तेही पाहू, नाहीतर वाटेल की इथलेच लोक चुकत होते. १८३६ साली जेम्स मार्श या लंडनच्या रसायनतज्ज्ञानं सोमल ओळखायची नवी रीत काढली. जस्त आणि आम्लात नमुना टाकायचा, निघणारा वायू तापवायचा, नळीत काळा आरसा धरतो. त्याच्या आधी एका खटल्यात त्यानं केलेली परीक्षा ज्यूरीपुढं येईपर्यंत खराब झाली होती आणि आरोपी सुटला होता, त्या चिडीतून हे संशोधन झालं. मग आले आल्फ्रेड स्वेन टेलर, लंडनच्या गाय हॉस्पिटलचे. इंग्रजी न्यायवैद्यकाचे आजोबाच म्हणा. १८५९ साली डॉ. स्मेथर्स्ट याच्यावर बायकोला विष घातल्याचा खटला चालला. टेलरनी एका बाटलीत आर्सेनिक सापडल्याचं सांगितलं. नंतर लक्षात आलं, की परीक्षेसाठी वापरलेली तांब्याची जाळी त्या बाटलीतल्या क्षारानं खाल्ली गेली, आणि त्या तांब्यात मुळातच असलेलं आर्सेनिक बाहेर आलं. विष आरोपीचं नव्हतं, परीक्षकाच्या जाळीचं होतं! टेलरनी भर कोर्टात चूक कबूल केली. ज्यूरीनं तरी स्मेथर्स्टला दोषी धरलं, फाशीची शिक्षा झाली, आणि मग वर्तमानपत्रांत गदारोळ झाल्यावर गृहमंत्र्यांनी माफी देववली. आमच्या मते टेलरचं मोठेपण त्यांच्या जाड पुस्तकांपेक्षा त्या कबुलीत जास्त दिसतं.

पण टेलरचं पुस्तक घेऊन मुंबईत काम भागत नव्हतं, आणि गिरॉड-लायन यांचं खरं काम इथं सुरू होतं. लंडनला सोमल, अफू, स्ट्रिकनीन. आपल्याकडे सोमल तर होताच, हरताळ होता, मनशीळ होती, मोरचूद होतं. पण त्याहून अवघड म्हणजे बांधावरची झाडं. धोतरा, कण्हेर, बिबा, गुंज. पाथर्डीत कुणालाही विचारा, यातलं प्रत्येक झाड दाखवून देईल. लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानं ती आयुष्यात पाहिली नव्हती. म्हणून गिरॉड वनस्पतिशास्त्रही शिकवत होते हे मघाशी बोललो.

धोतऱ्याचं बघा. वाटसरूला जेवणातून, मिठाईतून धोतऱ्याचं बी खायला घालायचं, तो भ्रमिष्ट होऊन पडला की लुटायचं. माणूस बहुधा मरत नाही, पण त्याला काही आठवतही नाही. मग पुरावा काय? ओकारीत किंवा उरलेल्या अन्नात सापडलेलं बी. आणि धोतऱ्याचं बी कुणासारखं दिसतं? मिरचीच्या बीसारखं. आपल्या जेवणात मिरचीचं बी कुठं नसतं? भारतातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या दोन बियांवर स्वतंत्र मजकूर असतो : एक मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी, कडू, दुसरं गोलसर, पिवळट, तिखट. आणि बी नसून नुसता अर्क असेल, तर तो मांजराच्या डोळ्यात टाकायचा. बाहुली मोठी झाली तर धोतरा. म्हणजे साहेबाच्या प्रयोगशाळेत नळ्यांबरोबर एक मांजरही साक्षीला असे.

गुंजेचं तर फारच वेगळं. गुंजा वाटून त्याच्या बारीक सुया करायच्या, उन्हात वाळवायच्या आणि गुराच्या कातडीत टोचायच्या. जनावर दोन-चार दिवसांत मरतं, अंगावर खूण जवळजवळ नाही. कातड्यासाठी गुरं मारण्याची ही रीत सरकारी कागदांत पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्याबरोबर जातीचं नावही येतं. इथं आम्हाला वाचताना थांबावं लागलं. विश्लेषक लिहितो, ‘सुईत गुंज सापडली.’ इतकं शास्त्र. पण वरच्या फायलीत कातडं कमावणाऱ्या जातीचा संशय आधीच लिहिलेला असतो. धोतऱ्याच्या प्रकरणांतही तेच, वाटेवरच्या भटक्या लोकांकडे आधी बोट. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तो मुंबई इलाख्यात १९११ साली लागू झाला. तुमच्या तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेला आजही राज्यभरचे भटके लोक येतात, गाढवांचा बाजार भरतो. त्यांचे आजे-पणजे त्या कायद्याखाली ठाण्यावर हजेरी देत होते. बाटलीतलं शास्त्र खरं होतं. बाटली कुणाच्या दारातून उचलायची, हे शास्त्र ठरवत नव्हतं.

आणि आता तो मघाचा मुद्दा. विश्लेषकाला प्रश्न कोण विचारणार?

बाटल्या मुंबईला जात त्या कशा, हे जरा डोळ्यांपुढं आणा. त्या काळी पाथर्डी शेवगाव तालुक्यात. नगरला रेल्वे आली ती १८७८ साली, दौंड-मनमाड फाटा झाला तेव्हा. त्याच्या आधी इकडची बाटली बैलगाडीनं, टांग्यानं रेल्वेच्या ठाण्यापर्यंत जाणार. उन्हाळा, नाशवंत मुद्देमाल, लाखेचं सील, चिठ्ठी, हमदस्ते पाठवलेला शिपाई. सोमल टिकतो, तो केसांत, हाडांत वर्षानुवर्षं राहतो. झाडापाल्याचं विष तसं टिकेलच असं नाही. मग प्रत्येक बाटलीमागं साहेबानं कोर्टात जायचं म्हटलं, तर इलाखा केवढा? सिंधपासून धारवाडपर्यंत. एकच विश्लेषक. तो साक्षी देत फिरेल की नळ्या तापवेल? म्हणून कायद्यानं सोय केली. फौजदारी प्रक्रियेच्या १८९८च्या कायद्यात ५१० वं कलम आहे : रासायनिक परीक्षकाचा सहीचा अहवाल पुरावा म्हणून वाचता येईल, त्याला स्वतः यायला नको. १९७३च्या कायद्यात तेच २९३ कलम झालं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. नंबर बदलले, सोय राहिली. कोर्टाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं, ही तरतूद आज आहे. पण तसं वाटायला कुणीतरी मागणी करावी लागते, आणि मागणी करायला अहवाल वाचणारा वकील लागतो.

सोय गरजेची होती, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण बडोद्याचा पेला आणि शेवगावची बाटली शेजारी ठेवून बघा. त्याच कार्यालयातून दोन्ही कागद निघणार. राजाच्या पेल्यावर दहा हजार पौंडांचा वकील उभा राहिला. विश्लेषकाला समोर उभं करून ‘आहे’ आणि ‘दिसते’ यातला फरक उलगडून घेतला. सहापैकी तिघांचं मन वळलं. शेवगावच्या बाटलीवर कोण उभं राहणार? कागद वाचला जाई, नोंद होई, पुढची साक्ष. त्या कागदावरही ‘आहे’ आणि ‘दिसते’ असेलच. ते वेगळं करून वाचायला तिथं कुणी नव्हतं.

आम्ही सरकारी दप्तरांत ज्यांचा शोध घेत होतो, ती माणसं साहेब होती. त्यांच्या जन्मतारखा छापील हजेरीत आहेत. ज्यांच्या बाटल्या होत्या त्यांची नावं फायलीत येतात ती एकदाच, बहुधा बापाच्या आणि जातीच्या नावासकट, आणि निकालाच्या पानावर संपतात. म्हणून आम्ही कामाची पद्धत उलटी केली. आता आम्ही विश्लेषकाच्या वार्षिक अहवालापासून सुरू करत नाही. खटल्यापासून सुरू करतो. बाटली कुठल्या गावची, आरोप कुणावर, अहवालात नेमके शब्द काय, आणि निकालपत्रात ते शब्द कसे उतरले. बऱ्याचदा तिथं ‘दिसते’चं ‘आहे’ होतं. हे नुसतं वाचून सापडतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी जुनी कोर्टाची कागदपत्रं असतील, मोडीतली असोत की इंग्रजीतली, ती रद्दीत घालू नका एवढी विनंती. आणि आजच्या सी.ए. रिपोर्टबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. त्यात पुष्कळदा एक ठरलेलं वाक्य येतं : सामान्य आणि विशिष्ट रासायनिक परीक्षणात कोणतंही विष आढळलं नाही. लोक घरी येऊन सांगतात, ‘रिपोर्ट आला, विष नव्हतं.’ नाही. ‘आढळलं नाही’ आणि ‘नव्हतं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. नमुना कधी घेतला, कशात ठेवला, किती दिवसांनी पोचला, कोणती परीक्षा केली, हे सगळं त्या दोन शब्दांच्या मध्ये आहे. वेलिंग्टन ग्रे आज इथं असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, असं आम्हाला त्यांच्या त्या एका वाक्यावरून वाटतं.

बराच वेळ घेतला. मागं बसलेले पोलीस पाटील मघापासून हात वर करून आहेत. आधी त्यांचा प्रश्न घेऊ.